बास गिटारचे पिकअप बदलण्यापूर्वी

मध्यम किमतीची बास गिटार दोन-तीन वर्षे वाजवलेल्या बहुतेक वादकांच्या मनात पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा तारांखालचा भाग, बदलण्याचा विचार कधी ना कधी येतोच. आवाज दबलेला वाटतो, बँडमध्ये तो कीबोर्ड आणि ड्रमच्या खाली हरवतो, किंवा अँप चालू करताच हमिंग सुरू होते. मग कोणीतरी जाणकार सांगतो की चांगले पिकअप टाक, गिटार वेगळीच वाजेल. हा सल्ला कधी अगदी बरोबर ठरतो, तर कधी त्यापायी गिटारच्या निम्म्या किमतीएवढे पैसे घालूनही आवाज होता तिथेच राहतो. पिकअप नेमके काय करतो आणि काय करूच शकत नाही, एवढे समजले तर यातले कोणते आपल्या वाट्याला येणार आहे याचा अंदाज खरेदीपूर्वीच बांधता येतो. या लेखात चार तारांची, दोन पिकअपची जॅझ बास हे मुख्य उदाहरण धरले आहे, कारण याच रचनेच्या गिटारी सर्वत्र दिसतात आणि त्यांच्यात बदल करणेही तुलनेने सोपे असते.

पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे, हे आधी मनात पक्के करावे. मायक्रोफोन हवेतली कंपने टिपतो. बासमधल्या चुंबकीय पिकअपला हवेशी काहीही देणेघेणे नसते. त्याच्या आत कायमस्वरूपी चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. या कामी सर्रास वापरली जाणारी ४२ गेजची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. गिटारची पोलादी तार या चुंबकांच्या सान्निध्यात स्वतः चुंबकित होते, आणि ती थरथरू लागली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्या तालावर कमी-जास्त होते. असे क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते. बास गिटार त्याच नियमावर चालते. तयार झालेला सूक्ष्म विद्युतदाब पॉट (नॉबखालचा, कमी-जास्त करता येणारा रोध), जॅक आणि केबलमधून अँपपर्यंत पोहोचतो.

यातून लगेच काही गोष्टी स्पष्ट होतात. पिकअप ज्या जागी बसवलेला असतो, त्या जागेवर तार कशी हलते एवढेच तो वाचतो. नेक (गिटारची मान) वाकडी असेल, फ्रेट (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले असतील, किंवा ब्रिजवरची (बॉडीकडे तारा जिथे टेकतात त्या भागावरची) जुळणी बिघडल्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर बेसूर लागत असतील, तर पिकअप ते दोष इमानेइतबारे पुढे पाठवेल. अनेक बास गिटारींवर जी (G) या सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो. तारेची ऊर्जा त्या कंपनसंख्येवर नेकच शोषून घेत असल्यामुळे असे होते. त्यावर कितीही महाग पिकअप हा उपाय नाही. शिवाय तार चुंबकाला प्रतिसाद देणारी असावी लागते, त्यामुळे बाहेरून नायलॉनचे वेष्टन असले तरी आत पोलादी गाभा असलेली तार चालते, मात्र पोलादाचा अंशही नसलेली तार अशा पिकअपवर मुकी राहते.

जागा तीच, तर आवाजाचा पायाही तोच

अमेरिकी गिटारनिर्माते लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा तिच्यात एकच साधा पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, प्रत्येक तुकडा दोन तारांसाठी. आज पी पिकअप म्हणतात तो हाच. १९६० मध्ये जॅझ बास आली, तिच्यात नेककडे एक आणि ब्रिजकडे एक असे दोन लांबट पिकअप होते. या तिन्ही रचनांचे आवाज वेगळे आहेत हे सर्वमान्य आहे, पण त्या वेगळेपणाचे श्रेय बहुधा वेटोळ्यांना दिले जाते आणि जागेकडे दुर्लक्ष होते. वास्तविक जागेचा वाटा फार मोठा आहे.

तार छेडल्यावर ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. तिचा मूळ सूर संपूर्ण लांबीच्या हेलकाव्यातून येतो. तो हेलकावा तारेच्या मधोमध सर्वांत मोठा आणि ब्रिजपाशी शून्य असतो. त्यावरचे उपस्वर तारेचे दोन, तीन, चार समान भाग पाडून निर्माण होतात. फेंडर पद्धतीच्या बासची तार नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथपासून) ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. आता ब्रिजपासून ६ सेंटीमीटरवर एक पिकअप आहे आणि १४ सेंटीमीटरवर दुसरा आहे असे धरून गणित केले, तर मोकळ्या तारेच्या मूळ सुराचा हेलकावा पहिल्या जागी मधल्या कमाल हेलकाव्याच्या सुमारे २२ टक्के असतो आणि दुसऱ्या जागी सुमारे ४९ टक्के. म्हणजे केवळ आठ सेंटीमीटर सरकल्याने मूळ सुराची ताकद दुपटीहून अधिक वाढते, तर ब्रिजपाशी उपस्वर तुलनेने वरचढ राहतात. ब्रिजकडचा पिकअप नाकात बोलल्यासारखा, टोकदार वाटतो आणि नेककडचा भरदार वाटतो, तो यामुळेच. प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियस यांचा सुस्पष्ट, गुरगुरणारा आवाज ऐकताना हे ध्यानात ठेवावे. जॅझ बासचा ब्रिजकडचा पिकअप पुढे ठेवणे हा त्या आवाजाचा मोठा भाग होता.

पिकअप बदलला तरी बॉडीत त्याच्यासाठी कोरलेली खाच तिथेच राहते. त्यामुळे जॅझ बासमध्ये कोणताही पिकअप टाकला तरी ती जॅझ बासच राहते, आणि जिला प्रिसिजनचा आवाज हवा आहे अशा व्यक्तीने प्रिसिजन घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. नवी खाच कोरणे शक्य असते, परंतु ते काम कसबी माणसाचे आहे आणि ते उलटवता येत नाही.

दुसरीकडे, बासवादक जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण पाहावे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत ऐकू येणारी त्यांची १९६२ ची प्रिसिजन बास पिकअपच्या बाबतीत साधीच होती. तो गोल, ठोकल्यासारखा आवाज सपाट वेष्टनाच्या जाड, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांतून, ब्रिजपाशी दाबून ठेवलेल्या फोमच्या तुकड्यातून आणि उजव्या हाताच्या एका तर्जनीतून येत असे. तसाच आवाज हवा म्हणून पिकअप शोधत फिरण्याऐवजी आधी सपाट वेष्टनाच्या तारांचा एक संच घेणे शहाणपणाचे ठरते. एकूणच नव्या तारा, नेकची नीट जुळणी आणि पिकअपची उंची या तीन गोष्टी करून झाल्यावरही जी उणीव उरते, तीच पिकअपची उणीव समजावी.

खोक्यावरचे आकडे

पिकअपच्या खोक्यावर बहुधा रोधाचा आकडा ठळकपणे छापलेला असतो: जॅझ पिकअपसाठी साधारण ७ ते ८ किलोओहम, पी पिकअपसाठी १० ते ११. आकडा मोठा म्हणजे पिकअप जोरकस, असा समज रूढ आहे. या समजात अर्धेच तथ्य आहे. वेढे वाढवले की तारेची लांबी वाढते आणि रोधही वाढतो, हे खरे. परंतु तार अधिक बारीक घेतली तर वेढे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो आणि आवाजाची ताकद मात्र वाढत नाही. चुंबक किती प्रबळ आहे हे तर या आकड्यातून मुळीच कळत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के. थंड खोलीत २० अंशांना ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांना सुमारे ८.१ किलोओहम दाखवेल. पिकअप तोच, आवाज तोच, आकडा मात्र निराळा. रोधाचा खरा उपयोग तपासणीपुरता आहे: मल्टिमीटरवर अनंत आला तर आतली तार तुटली आहे, शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आवाजाची ठेवण ज्याने ठरते तो गुण म्हणजे इंडक्टन्स, आणि तो हेन्री या एककात मोजतात. बदलत्या विद्युतप्रवाहाला वेटोळे जो विरोध करते, त्याचे हे माप आहे. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका हा विरोध वाढतो. दुसऱ्या बाजूला केबलमध्ये कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असतो, साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड. वेटोळे आणि केबल मिळून एक अनुनादी मंडळ तयार होते. एका ठरावीक कंपनसंख्येपाशी आवाजाला उठाव मिळतो आणि तिच्यावरचे सगळे झपाट्याने उतरत जाते. उदाहरणादाखल ४ हेन्रीचा पिकअप आणि ५ मीटरची केबल घेतली, पिकअपचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स धरून एकूण ६०० पिकोफॅरड मानले, तर हा उठाव सुमारे ३,२५० हर्ट्झला येतो. केबल १० मीटरची केली तर तो सुमारे २,४०० हर्ट्झपर्यंत खाली सरकतो. केबल तीच ठेवून दुप्पट इंडक्टन्सचा पिकअप लावला, तर उठाव जवळजवळ तेवढाच, सुमारे २,३०० हर्ट्झपर्यंत खाली येतो. बोटांचा आघात, तारेची किणकिण, अंगठ्याने मारलेल्या थापेतली चमक हे सारे याच पट्ट्यात असते. भरपूर वेढ्यांचा, जोरकस म्हणून विकला जाणारा पिकअप बहुधा दबका आणि मध्यभागी जाड का वाटतो, याचे उत्तर इथे आहे: इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेढे दीडपटीहूनही कमी वाढवले तरी तो दुप्पट होतो.

ज्यांना आवाज मोठा हवा आहे त्यांच्यासाठी अँपवर गेनचे बटण आहेच. म्हणून पिकअप निवडताना जोर हा निकष मी सर्वांत शेवटी ठेवतो, आणि उत्पादक इंडक्टन्सचा आकडा देत असेल तर तो आधी पाहतो.

चुंबकाच्या जातीबद्दलही बरेच बोलले जाते. अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांचा मिश्रधातू. त्याच्या कांड्या थेट वेटोळ्याच्या आतून जातात. सिरॅमिक चुंबक बहुधा पट्टीच्या रूपात खाली चिकटवलेला असतो आणि वर पोलादी कांड्या असतात. सिरॅमिकचा आवाज कर्कश आणि अल्निकोचा ऊबदार असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. वेटोळ्याच्या आत कोणता धातू आहे यावर इंडक्टन्स बदलतो आणि फरक मुख्यतः तिथून येतो. स्वस्त गिटारीत सिरॅमिक चुंबक सर्रास असतो, म्हणून त्याच्या नावावर इतर काटकसरीचे दोषही जमा झाले आहेत.

हमिंग: कोणते, कुठून आणि कशाने जाते

पिकअप बदलण्याचे सर्वांत सयुक्तिक कारण माझ्या मते हमिंग हे आहे, आणि गैरसमजही याच बाबतीत सर्वाधिक आहेत. भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. बासच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा आहे, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची आहे. म्हणजे आपल्याकडचे हमिंग आणि त्याचा १०० हर्ट्झचा उपस्वर बरोबर जी या सुराला खेटून बसतात. मोठे हमिंग असलेल्या गिटारीवर मोकळी जी तार लांबवून पाहावी: दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून सेकंदाला सुमारे दोन लाटा ऐकू येतात आणि तार बेसूर असल्याचा भास होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथले हमिंग बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये पडते; तिथल्या वादकांना हा विशिष्ट त्रास तसा जाणवत नाही.

बाहेरून येणारा उपद्रव दोन प्रकारचा असतो. पहिला चुंबकीय: ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर, जाड विद्युतवाहिन्या यांच्याभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र वेटोळ्यात शिरते आणि तारेच्या कंपनाप्रमाणेच विद्युतदाब निर्माण करते. दुसरा विद्युतक्षेत्राचा: डिमर, एलईडी दिवे, अर्थिंग नसलेले वायरिंग यांच्यामुळे वादकाचे शरीर आणि गिटारच्या आतल्या उघड्या तारा अँटेनासारखे वागू लागतात, आणि खरखरीत, किरकिऱ्या स्वरूपाचा आवाज येतो. दोन्हींची पारख सोपी आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी वळावे. दिशा बदलताच आवाज कमी-जास्त झाला आणि एखाद्या दिशेला जवळपास नाहीसा झाला, तर तो मुख्यतः चुंबकीय आहे. तारांना हात लावताच आवाज दबला, तर तो विद्युतक्षेत्राचा आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. खाचांना तांब्याची चिकटपट्टी किंवा वाहक रंग लावून ती सर्व आच्छादने अर्थला जोडली, तर दुसरा उपद्रव बराच शमतो, पण पहिल्यावर काहीही परिणाम होत नाही, कारण कमी कंपनसंख्येचे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ पत्र्यातून आरपार जाते. पहिल्यावर उपाय म्हणजे हम रद्द करणारे पिकअप. त्यांच्यात दोन वेटोळी असतात, एक सुलट वेढ्यांचे आणि एक उलट वेढ्यांचे, आणि दोघांच्या चुंबकांची टोकेही परस्परविरुद्ध असतात. तारेचा संकेत वेढे आणि चुंबक या दोन्हींवर अवलंबून असल्यामुळे दोनदा उलटून सुलट होतो आणि बेरजेत येतो. बाहेरच्या हमिंगला पिकअपच्या चुंबकाशी कर्तव्य नसल्यामुळे ते एकदाच उलटते आणि वजाबाकीत जाते. प्रिसिजनच्या दुभंग पिकअपमध्ये हीच युक्ती आहे.

जॅझ बासमध्ये प्रत्येक पिकअप एकाच वेटोळ्याचा असला तरी दोघे मिळून अशी जोडी बनवतात. दोन्ही व्हॉल्युम पूर्ण उघडे ठेवले की हमिंग जाते, आणि एक किंचित कमी केला की परत येते. ज्यांचे दोन्ही नॉब कायम पूर्ण उघडेच असतात, त्यांना केवळ हमिंगसाठी पिकअप बदलण्याची गरज नाही. ज्यांना एकाच पिकअपवर वाजवायला आवडते त्यांच्यासाठी जॅझच्याच आकारात हम रद्द करणारे पिकअप मिळतात. त्यांतल्या एका जातीत दोन वेटोळी एकावर एक रचलेली असतात, आणि दुसरीत ती शेजारी-शेजारी, प्रत्येकी दोन तारांसाठी, म्हणजे जॅझच्या आवरणात दडलेला पी पिकअपच. पहिलीत खालचे वेटोळे तारेपासून दूर असल्यामुळे संकेतात त्याची भर फारशी नसते, पण रोध आणि इंडक्टन्समध्ये मात्र असते. गणेशोत्सवाच्या मांडवात, तात्पुरत्या वायरिंगवर आणि दिव्यांच्या माळांखाली वाजवणाऱ्या वादकांनी यांपैकी एक जोडी घ्यावी, असे मी सुचवेन; त्यापायी जुन्या एकेरी वेटोळ्याची थोडीशी चमक गेली तरी तो सौदा रास्त आहे.

एक धोक्याची सूचना इथेच दिली पाहिजे. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थच्या तारेने जॅकला, आणि पुढे अँपच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकली असेल किंवा त्या जागी अर्थिंगच नसेल, आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर तारांवर २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो. एका हाताने तारा धरून ओठ मायक्रोफोनला लागले तर तो झटका प्राणघातक ठरू शकतो. तारांना हात लावल्यावर हमिंग कमी न होता वाढत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर वाजवणे ताबडतोब थांबवून आधी वायरिंग तपासून घ्यावे. हा दोष पिकअपचा नसतो.

ॲक्टिव्ह या शब्दाचाही गोंधळ दूर केलेला बरा. काही गिटारींत पिकअप साधेच असतात आणि त्यांच्यामागे बॅटरीवर चालणारा प्रीअँप (गिटारमधलाच लहान प्रवर्धक) असतो. १९७६ ची म्युझिक मॅन स्टिंगरे ही याची प्रसिद्ध मिसाल. याउलट ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये कमी वेढ्यांची वेटोळी आणि लहानसा प्रवर्धक आवरणातच बंद असतो. त्याला केबलच्या लांबीचा फरक जवळपास पडत नाही आणि हमिंगही फार कमी असते; मात्र त्याला ९ व्होल्टची बॅटरी, ती ठेवायला जागा, २५ किलोओहमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो. स्टिरिओ जॅक आवाजासाठी नसतो. केबल घातली की बॅटरीचे मंडळ पूर्ण होते, ते त्याच्या जास्तीच्या पायामुळे. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर बॅटरी सकाळपर्यंत उतरत राहते.

प्रत्यक्ष काम

मागवण्यापूर्वी माप घ्यावे. प्रचलित जॅझ बासमध्ये ब्रिजकडे तारांमधले अंतर जास्त असल्यामुळे तिकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा सुमारे २ मिलिमीटर लांब असतो, परंतु काही स्वस्त गिटारींत दोन्ही एकाच लांबीचे असतात. पाच तारांच्या गिटारींत तर एका कंपनीचा आकार दुसऱ्या कंपनीला लागू पडेलच असे नाही. खाचेची खोलीही पाहावी, कारण एकावर एक वेटोळी रचलेला पिकअप साध्यापेक्षा उंच असू शकतो. दोन्ही पिकअप एकाच संचातले घ्यावेत. वेगवेगळ्या उत्पादकांची जोडी लावली आणि दोघांच्या चुंबकांची टोके एकाच दिशेला निघाली, तर एकतर आवाज पोकळ होईल, नाहीतर हमिंग रद्द होणार नाही. तारांची कितीही अदलाबदल केली तरी दोन्ही एकदम साधणार नाही.

सोल्डर, तांब्याची पट्टी आणि मल्टिमीटर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळून जाईल. पॉट बदलायचे असतील तर ते २५० किलोओहमचे, लॉग प्रकारचे असावेत आणि त्यांचा दांडा जुन्या नॉबमध्ये आणि पॉट बसवलेल्या पत्र्याच्या भोकात बसतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

गिटार उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी जुन्या जोडणीची छायाचित्रे घ्यावीत. नेककडच्या पिकअपची तार बॉडीतल्या लांब, अरुंद भोकातून पॉटच्या खाचेपर्यंत आलेली असते, आणि नवी तार त्यातून ढकलणे जिकिरीचे होते. म्हणून जुन्या तारेचे सोल्डर सोडवल्यावर तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा आणि मगच पिकअप बाहेर ओढावा. दोरा भोकात राहतो आणि नवी तार त्याला बांधून परत ओढता येते. पिकअपच्या बुडाशी, जिथे आतल्या वेटोळ्याची टोके संपतात, तिथे ताण पडू देऊ नये. ती केसासारखी तार तुटली तर पिकअप जवळपास वाया जातो.

सोल्डरिंगमध्ये अवघड जागा एकच, पॉटची पाठ. तो सगळा पत्रा उष्णता शोषून घेतो, त्यामुळे २५ वॅटच्या बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर नीट वितळत नाही, गोळा होऊन वर बसते आणि ड्राय सोल्डर राहते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तिथूनच खरखर सुरू होते. ४० ते ६० वॅटचे, रुंद टोकाचे आयर्न घ्यावे, पाठ पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी, आधी पत्र्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा, तारेच्या टोकालाही चढवावा आणि मग दोन्ही एकत्र तापवून तीन-चार सेकंदांत काम संपवावे. जास्त वेळ टेकवून ठेवले तर पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजतो. सोल्डर थंड होईपर्यंत तार हलू देऊ नये.

जॅझ बासच्या जोडणीत एक खुबी आहे. एका व्हॉल्युमच्या गिटारीत पिकअपची तार पॉटच्या कडेच्या पायाला जोडतात आणि मधल्या पायातून आवाज पुढे जातो. जॅझ बासमध्ये मात्र पिकअपची तार मधल्या पायाला येते आणि कडेच्या पायातून पुढे जाते. सवयीने उलटे जोडले गेले, तर एक व्हॉल्युम शून्यावर नेताच दुसऱ्या पिकअपचाही आवाज बंद होतो. नवे पिकअप बसवल्यावर असे झाले तर पिकअप खराब आल्याची तक्रार करण्याआधी हे दोन पाय पाहावेत.

पत्रा बंद करण्यापूर्वी केबल लावून मल्टिमीटरने जॅकवरचा रोध मोजावा. एकच व्हॉल्युम उघडा असताना पिकअपच्या रोधाहून किंचित कमी आकडा यायला हवा, आणि दोन्ही उघडे असताना त्याच्या साधारण निम्मा. मग अँप अगदी हळू ठेवून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक कांडीवर हलके टिचकावे. कोणता पिकअप कोणत्या नॉबवर आहे हे लगेच कळते. शेवटी तारा चढवून दोन्ही व्हॉल्युम पूर्ण उघडावेत. खर्ज निघून जाऊन आवाज पातळ, पोकळ वाटला, तर दोघे एकमेकांच्या विरुद्ध जोडले गेले आहेत. कोणत्याही एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करावी, दोन्हींच्या करू नये.

त्यानंतर उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई तारेखाली सुमारे ३ मिलिमीटर आणि जी तारेखाली सुमारे २.५ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. पिकअप तारेच्या फार जवळ आला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढू लागतो. वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि लवकर विझतो. ब्रिजपाशी तारेचा हेलकावा लहान असल्यामुळे तिकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा थोडा वर घ्यावा आणि दोन्ही नॉब आळीपाळीने उघडून समान मोठे वाजेपर्यंत स्क्रू फिरवावेत. हे काम अर्धा-अर्धा वळसा देत, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत करावे, आणि शक्य असल्यास पिकअप बदलण्याआधी त्याच ओळीचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, म्हणजे तुलना आठवणीवर अवलंबून राहत नाही. पिकअपखालचा जुना फोम चुरा झाला असेल तर स्क्रू सैल करूनही पिकअप वर येत नाही. तिथे नवा, घट्ट रबरी फोम घालावा लागतो.

काढलेल्या पिकअपच्या तारा कापून आखूड करू नयेत. नेककडचा कोणता आणि ब्रिजकडचा कोणता, हे चिठ्ठीवर लिहून ते स्क्रूंसह एकत्र ठेवावेत. गिटार पुढे विकायची झाली तर जुने पिकअप परत बसवून नवे स्वतःकडे ठेवता येतात.